मायलोमा, स्टेंट आणि प्लेरिक्साफॉर: सीएक्ससीआर४ अडवल्याने हृदयाला धोका आहे का?

प्रश्न एका मुलीचा आहे. वडील साठी ओलांडलेले. दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. पुढे वर्षाच्या आतच मल्टिपल मायलोमाचं, म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेत (बोन मॅरोत) होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचं, निदान झालं. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन यांच्या सहा सायकल झाल्या, रोग चांगला आटोक्यात आला आणि स्वतःच्याच स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) वापरून ट्रान्सप्लांट करायचं ठरलं. पण जी-सीएसएफची, म्हणजे मज्जेतून स्टेम सेल रक्तात आणणारी, इंजेक्शनं देऊनही पहिल्या खेपेला स्टेम सेल पुरेशा निघाल्या नाहीत. पुढच्या खेपेला प्लेरिक्साफॉर द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईंनी या औषधाबद्दल वाचायला घेतलं आणि त्या अडकल्या. हे औषध सीएक्ससीआर४ नावाचा केमोकाइन रिसेप्टर (पेशीवरचं, केमोकाइन हा संदेश ओळखणारं प्रथिन) बंद करतं. एका ठिकाणी वाचलं की या रिसेप्टरमुळे कर्करोग शरीरभर पसरतो, तेव्हा तो बंद करणं चांगलंच. दुसरीकडे वाचलं की तो बंद केला तर रक्तवाहिन्यांतल्या चरबीच्या गाठी वाढतात. त्यांनी विचारलंय: बाबांच्या हृदयाला धोका आहे का? मज्जेतून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशी अंगभर पसरतील का? आणि दोन्ही आजारांवर चालेल असं एखादं केमोकाइनचं औषध आहे का?

ताई, तुम्ही वाचलेली दोन्ही विधानं आपापल्या जागी खरी आहेत, म्हणून गोंधळ होणं साहजिक आहे. मी रक्ताच्या कर्करोगांवर उपचार करते, आणि हृदयरोग असलेला मायलोमाचा रुग्ण आमच्याकडे नेहमीचाच. माझं मत आधीच सांगते: तुम्ही वर्णन केलेल्या परिस्थितीत प्लेरिक्साफॉरला माझी हरकत नसती. मात्र वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत. २डी-इकोमध्ये हृदयाची ताकद किती आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) किती आहे, स्टेंट नेमका कधीचा आणि कुठल्या वाहिनीत आहे, प्लेटलेट किती आहेत, यांवर बरंच अवलंबून आहे. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे इकोवर दिसणारी हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची ताकद, ३० टक्के असेल तर प्रश्न प्लेरिक्साफॉरचा राहत नाही. मग ट्रान्सप्लांट करावं की नाही इथून विचार सुरू करावा लागतो.

खरा पेच असा आहे की एकच रिसेप्टर दोन आजारांत उलट बाजूंनी वागताना दिसतो. मग त्याला अडवायचं की नाही? याचं उत्तर शोधताना तीन गोष्टी विचारायच्या: कुठल्या पेशीवरचा, किती वेळासाठी, आणि आजाराच्या कुठल्या टप्प्यावर.

केमोकाइन म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेली छोटी प्रथिनं. माणसात ती सुमारे ५० आहेत आणि त्यांना ओळखणारे रिसेप्टर साधारण २०. ज्या पेशीवर योग्य रिसेप्टर असतो ती, गुळाच्या वासावर मुंग्या याव्यात तशी, केमोकाइन जिकडे दाट असेल तिकडे सरकते. पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत पोचतात, लसीनंतर लिम्फ नोडमध्ये योग्य पेशी भेटतात, गर्भात अवयव जागच्या जागी बनतात, हे सगळं या यंत्रणेवर चालतं. नावं पाहून घाबरू नका. सीसी, सीएक्ससी, सीएक्स३सी ही प्रथिनाच्या रचनेवरून पडलेली कुळं आहेत; शेवटी एल असेल तर ते केमोकाइन, आर असेल तर रिसेप्टर.

पण बोलावणं हे या यंत्रणेचं अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे धरून ठेवणं, आणि सीएक्ससीआर४ समजून घ्यायचा तर हेच महत्त्वाचं. प्रौढ माणसाच्या बोन मॅरोत सीएक्ससीएल१२ हे केमोकाइन भरपूर असतं. स्टेम सेलवर सीएक्ससीआर४ असतो, म्हणून त्या तिथे टिकून राहतात. ही पकड जन्मतःच जास्त घट्ट असेल तर काय होतं, ते व्हिम सिंड्रोम नावाच्या दुर्मीळ आजारात दिसतं. सीएक्ससीआर४च्या जनुकातल्या दोषामुळे रिसेप्टर बंदच होत नाही, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मज्जेतच अडकून पडतात, रक्तात त्यांचा दुष्काळ आणि रुग्णाला सतत जंतुसंसर्ग.

प्लेरिक्साफॉर ही पकड थोड्या वेळासाठी सैल करतं. त्याचा इतिहास तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. १९९६ मध्ये कळलं की एचआयव्ही विषाणू पेशीत शिरताना पेशीवरच्या सीडी४ या प्रथिनाबरोबर सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ यांपैकी एकाचा आधार घेतो. एएमडी३१०० या सांकेतिक नावाचं हे रसायन एचआयव्हीविरुद्ध तपासलं जात होतं आणि ते नेमकं सीएक्ससीआर४ अडवतं असं दिसलं. एचआयव्हीच्या रुग्णांना ते दहा दिवस सलग शिरेतून देऊन पाहिलं. विषाणूवर अपेक्षित परिणाम झाला नाही आणि काही रुग्णांत हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता नोंदली गेली. ते काम तिथेच थांबलं. पण निरोगी स्वयंसेवकांना औषध दिल्यावर त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी एकदम वाढल्याचं आधीच दिसलं होतं, आणि त्या वाढीत स्टेम सेलही होत्या. तिथून औषधाची दिशा बदलली. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत मायलोमा आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णांसाठी, जी-सीएसएफच्या जोडीने, त्याला मान्यता मिळाली. मायलोमाच्या ज्या मोठ्या चाचणीवर ही मान्यता उभी होती, तिच्यात दोन कलेक्शनच्या (यंत्राने रक्तातून स्टेम सेल गोळा करण्याच्या) आत वजनाच्या किलोमागे ६० लाख स्टेम सेल मिळवणाऱ्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत सुमारे ७२ टक्के होतं, न घेणाऱ्यांत सुमारे ३४ टक्के.

वडिलांच्या पेशी पहिल्या खेपेला का निघाल्या नाहीत, हेही यातून कळतं. लेनालिडोमाइड जितक्या जास्त सायकल चालतं तितक्या स्टेम सेल निघणं अवघड होतं. म्हणून आम्ही शक्यतो चार ते सहा सायकलच्या आतच कलेक्शन उरकतो. वय, पाठीच्या कण्याला दिलेलं रेडिएशन, डाराटुमुमॅब हे मायलोमाचं औषध, हेही आड येतात. जी-सीएसएफ स्वतःसुद्धा मज्जेतलं सीएक्ससीएल१२ कमी करूनच काम करतं. म्हणजे पहिल्या खेपेला याच यंत्रणेला बाजूने धक्का दिला होता. दुसऱ्या खेपेला तिच्यावरच बोट ठेवलं जाईल.

आता कर्करोग पसरण्याचं.

१८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून विचारलं होतं की हा कर्करोग ठरावीक अवयवांतच का रुजतो. त्याला रेण्वीय उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षं गेली. २००१ मध्ये आन्या म्युलर, आल्बर्ट झ्लोट्निक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर४ आणि सीसीआर७ भरपूर असतात, आणि सीएक्ससीएल१२ नेमकं लिम्फ नोड, फुप्फुस, यकृत आणि बोन मॅरो इथे जास्त असतं. म्हणजे जिथे हा कर्करोग जातो तिथेच. उंदरांत सीएक्ससीआर४ विरुद्ध अँटिबॉडी दिल्यावर फुप्फुसातल्या गाठी कमी झाल्या. तुम्ही वाचलेल्या लेखाचं मूळ बहुधा हेच काम आहे. ते सुंदर काम आहे आणि त्यातलं निरीक्षण टिकून आहे.

टिकली नाही ती त्यावरून बांधलेली उपचाराची सोपी आशा. सीएक्ससीआर४ अडवणारं बॅलिक्साफोर्टाइड हे औषध पुढच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कर्करोगात एरिब्युलिन या केमोथेरपीसोबत तिसऱ्या फेजच्या (मोठ्या, शेवटच्या टप्प्याच्या) चाचणीपर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये तिथे अपयशी ठरलं. माझ्या समजुतीप्रमाणे मोठी अडचण वेळेची आहे. रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा पेशींचा प्रवास बहुतेक होऊन गेलेला असतो. पोचलेल्या पेशींना पुढे जगवणारी कारणं अनेक असतात, आणि एक रिसेप्टर बंद केला तरी दुसरा त्याचं काम उचलतो.

केमोकाइन रिसेप्टरवरचं कर्करोगाचं एक औषध मात्र खरोखर चालतं. मोगामुलिझुमॅब हे सीसीआर४ विरुद्धचं औषध जपानमध्ये २०१२ पासून आहे आणि त्वचेच्या टी-सेल लिम्फोमासाठी अमेरिकेत २०१८ पासून. ते नुसता रस्ता अडवत नाही. सीसीआर४ असलेल्या पेशीवर ते बसतं आणि शरीराच्या मारक पेशींकडून तिचा नाश घडवून आणतं. इथे रिसेप्टर ही फक्त ओळखखूण आहे. वॉल्डनस्ट्रॉम या मायलोमाच्या जवळच्या आजारातही सीएक्ससीआर४चा उपयोग आम्ही निर्णयासाठी करतो. त्यातल्या तीस-चाळीस टक्के रुग्णांत व्हिमसारखाच जनुकदोष कर्कपेशींत असतो आणि त्यांना इब्रुटिनिब या गोळीचा गुण उशिरा आणि कमी येतो. मायलोमात मात्र ही तपासणी करून उपचार बदलत नाहीत. कुणी पैसे घेऊन वडिलांची ‘केमोकाइन टेस्ट’ करून देतो म्हणालं तर ती करू नका.

मग मायलोमाच्या पेशी सुटून पसरतील का? त्यांच्यावरही सीएक्ससीआर४ असतो आणि त्याही मज्जेत त्याच पकडीने राहतात, म्हणून शंका रास्त आहे. औषधाच्या माहितीपत्रकातही कर्कपेशी रक्तात येण्याची शक्यता लिहिलेली आहे. पण तीन गोष्टी ध्यानात घ्या. मायलोमा हा निदानाच्या दिवसापासूनच ठिकठिकाणच्या मज्जेत पसरलेला आजार आहे. एका गाठीतून नव्या अवयवात जाण्याचा जो अर्थ स्तनाच्या कर्करोगात आहे तो इथे तसा लागू होत नाही. दुसरं, सहा सायकलनंतर रोग दबलेला असताना कलेक्शन होतं, त्यामुळे सुटण्यासारख्या पेशीच कमी असतात. तिसरं, त्यानंतर लगेच मेल्फालन या केमोथेरपीचा मोठा डोस मिळतो. म्हणून मायलोमात ही भीती मला निर्णय फिरवण्याइतकी वाटत नाही. ल्युकेमियात वाटते, आणि तिथे या कामासाठी हे औषध आम्ही वापरत नाही.

हृदयाकडे वळते. तुमची मुख्य काळजी तीच आहे.

रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचलं की तिथल्या पेशी सीसीएल२ हे केमोकाइन सोडतात. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींवर त्याचा रिसेप्टर सीसीआर२ असतो. त्या भिंतीत शिरतात, चरबी खाऊन फुगतात, आणि प्लाक (भिंतीतली चरबीची गाठ) मोठा होत जातो. १९९८ मध्ये इस्रायल चारो यांच्या प्रयोगशाळेने सीसीआर२ नसलेल्या उंदरांत प्लाक बरेच कमी होतात असं दाखवलं. २००८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी सीसीएल२, सीएक्स३सीआर१ आणि सीसीआर५ या तिन्ही वाटा एकदम बंद केल्या, तेव्हा उंदरांतले प्लाक जवळजवळ ९० टक्क्यांनी घटले. एकेक वाट बंद करून एवढा फरक पडत नव्हता. माणसांत सीसीआर२ विरुद्धची अँटिबॉडी देऊन सीआरपी (रक्तातली जळजळीची खूण) कमी झालेलं २०११ मध्ये नोंदलं गेलं. हृदयविकाराचे झटके कमी होतात, हे मात्र अशा कुठल्याही औषधाने मोठ्या चाचणीत दाखवलेलं नाही.

सीएक्ससीआर४ची गोष्ट याच्या उलटी आहे. २००८ मध्ये आल्मा झेर्नेके आणि सहकाऱ्यांनी उंदरांत प्लेरिक्साफॉरच्याच जातीचं एक रसायन कित्येक आठवडे सतत दिलं. मज्जेतून न्यूट्रोफिल मोठ्या संख्येने बाहेर आले, प्लाकमध्ये शिरले, आणि प्लाक वाढले. नंतर २०१७ मध्ये असंही दिसलं की रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या आणि स्नायूतल्या पेशींवरचा सीएक्ससीआर४ भिंतीचं रक्षण करतो. सीएक्ससीएल१२ मात्र वेगळंच वागतं. माणसांच्या जनुकीय अभ्यासांत कोरोनरी आजाराशी जोडलेली एक जागा दहाव्या गुणसूत्रावर याच जनुकाजवळ सापडली, आणि अस्तरातल्या पेशींनी सोडलेलं सीएक्ससीएल१२ उंदरांत प्लाक वाढवतं असं दिसलं. एकाच जोडीतला रिसेप्टर रक्षण करतो आणि त्याचं केमोकाइन नुकसान करतं. हे विसंगत वाटेल, पण पेशी बदलली की काम बदलतं.

म्हणजे तुम्ही वाचलेलं चूक नव्हतं. पण त्या उंदरांत आणि तुमच्या वडिलांत वेळेचा फार मोठा फरक आहे. प्लेरिक्साफॉर कलेक्शनच्या आदल्या रात्री, साधारण ११ तास आधी, त्वचेखाली टोचतात. बहुतेकांना एक-दोन डोस पुरतात, जास्तीत जास्त चार. मूत्रपिंड ठीक असेल तर दर तीन ते पाच तासांनी रक्तातलं औषध निम्मं होतं आणि दिवसभरात सुमारे ७० टक्के लघवीवाटे जातं. प्लाक वर्षानुवर्षं वाढत असतो. दोन रात्रींपुरती सैल झालेली पकड त्यावर कायमची छाप सोडेल, असं मानायला मला आधार दिसत नाही.

झटक्यांची प्रत्यक्ष आकडेवारीही आहे. कर्करोगाच्या रुग्णांतल्या चाचण्यांत प्लेरिक्साफॉर आणि जी-सीएसएफ घेतलेल्या ६७९ जणांपैकी ७ जणांना नंतर हृदयविकाराचा झटका आला, आणि सगळे झटके शेवटच्या डोसनंतर किमान १४ दिवसांनी आले. त्यांचं वय आणि आधीचे आजार पाहता औषधाचा स्वतंत्र धोका दिसत नाही, असा निष्कर्ष काढला गेला. मीही तो असाच वाचते. तरी जुना स्टेंट असलेल्या माणसाला आम्ही कलेक्शनच्या काळात ईसीजीशिवाय सोडत नाही. एचआयव्हीच्या त्या जुन्या चाचणीतल्या ठोक्यांचं काय, असं विचाराल. तिथे औषध दहा दिवस सलग चालू होतं. आताच्या पद्धतीच्या एकेका डोसने क्यूटी अंतर (ईसीजीवरचं मोजमाप; ते लांबलं तर ठोके बिघडू शकतात) लांबत नाही, हे वेगळं तपासलेलं आहे. रोज तोंडाने घ्यायचं मॅव्होरिक्साफोर, जे २०२४ मध्ये व्हिम सिंड्रोमसाठी मान्य झालं, त्याच्याबाबत मात्र क्यूटी लांबण्याचा इशारा आहे. दोन्ही औषधं एकाच रिसेप्टरला अडवतात, तरी एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही.

इथवरचं थोडक्यात: कर्करोग पसरण्यात सीएक्ससीआर४चा हात आहे, पण तो अडवून पसरणं थांबवता आलेलं नाही. रक्तवाहिन्यांना तो बहुधा सांभाळतो, पण एक-दोन रात्री अडवल्याने त्या बिघडतात असं दिसलेलं नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत औषधाचं काम फक्त स्टेम सेल बाहेर आणण्याचं आहे.

आता तिसरा प्रश्न, दोन्ही आजारांवर एकच औषध. हा विचार भाबडा नाही. त्याच्या मागे खरं विज्ञान आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात उंदरांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांच्यातला स्तनाचा कर्करोग जोराने वाढला, कारण झटक्यानंतर मज्जेतून निघणाऱ्या मोनोसाइटच बदलल्या होत्या. वयाबरोबर मज्जेत टीईटी२ सारख्या जनुकात बदल झालेल्या पेशींचा एक वंश वाढत जातो. अशा लोकांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका जास्त असतोच, पण २०१७ च्या अभ्यासात कोरोनरी आजाराचाही धोका जवळजवळ दुप्पट निघाला, आणि टीईटी२ नसलेल्या मॅक्रोफेज (मोनोसाइटपासून बनणाऱ्या, चरबी खाणाऱ्या) पेशी जास्त केमोकाइन सोडताना दिसल्या. पेंटिक्साफोर नावाचा सीएक्ससीआर४ला चिकटणारा पेट स्कॅनचा ट्रेसर आहे. त्यात मायलोमाच्या जागा उजळतात आणि नुकताच झटका आलेल्या हृदयाचा भागही उजळतो. दोन आजार किती शेजारी राहतात ते पडद्यावर दिसतं.

पण औषध म्हणून? जळजळ कमी करून हृदय वाचवता येतं याचा सर्वांत ठोस पुरावा कँटोस चाचणीने २०१७ मध्ये दिला. १०,०६१ रुग्ण होते. औषध कॅनाकिनुमॅब, म्हणजे केमोकाइनचं नव्हे, इंटरल्युकिन-१ बीटा हा जळजळ वाढवणारा दुसरा संदेश अडवणारं. १५० मिलिग्रॅमच्या डोसने हृदयाच्या मोठ्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यूही कमी दिसले आणि सगळीकडे आशा पल्लवित झाली. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले, आणि नंतर फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार म्हणून केलेल्या चाचण्यांत ते औषध यशस्वी झालं नाही. कोल्चिसिन या जळजळीवरच्या स्वस्त गोळीने २०२० च्या एका चाचणीत हृदयाच्या घटना ३१ टक्क्यांनी कमी केल्या, २०२४ च्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत झटक्यानंतर लगेच सुरू करून फायदा दिसला नाही. वडिलांना कोल्चिसिन स्वतःहून सुरू करू नका. मायलोमात मूत्रपिंड कमजोर असू शकतं, कोल्चिसिन साठत जातं, मज्जा दाबतं, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर जीवघेणं ठरू शकतं.

केमोकाइनची औषधं दीर्घकाळ देण्याबाबत मला सावध करणारा एक प्रयोग आहे. २०१४ मध्ये स्तनाचा कर्करोग असलेल्या उंदरांत सीसीएल२ अडवलं, तेव्हा मोनोसाइट मज्जेतच अडकून राहिल्या आणि गाठी पसरणं कमी झालं. औषध थांबवताच अडवून ठेवलेल्या मोनोसाइट एकदम सुटल्या, पसरणं आधीपेक्षा वाढलं आणि उंदीर लवकर मेले. धरून ठेवलेल्या पेशींचं पुढे काय होणार, हा प्रश्न अशा प्रत्येक औषधाला विचारावा लागतो. प्लेरिक्साफॉरमध्ये आम्ही पेशी मुद्दाम सोडतो आणि लगेच यंत्रात गोळा करतो. आणि एक: वडिलांची स्टॅटिन चालूच ठेवा. तिने कोलेस्टेरॉल तर उतरतंच, मोनोसाइटवरचा सीसीआर२ही कमी होतो असं दिसलेलं आहे. ट्रान्सप्लांटच्या गडबडीत ती गोळी बंद पडलेली मी वारंवार पाहते.

वडिलांच्या हृदयाबद्दल मला जी काळजी वाटते ती प्लेरिक्साफॉरच्या आजूबाजूच्या गोष्टींची आहे, आणि तुम्ही डॉक्टरांशी बोलाल तेव्हा वेळ त्यांवर खर्च व्हावा.

कलेक्शनच्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरतात, त्याने कॅल्शियम उतरतं. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या की वडिलांनी लगेच सांगावं, सहन करत पडून राहू नये. प्लेरिक्साफॉरने जुलाब होतात, त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम जातं. हृदयरोग्यात हे तिन्ही कमी होणं ठोक्यांसाठी वाईट, म्हणून सकाळी यंत्राला जोडण्यापूर्वी तपासून भरून काढतो. इंजेक्शननंतर काहींना चक्कर येते, रक्तदाब उतरतो. रात्रीची रक्तदाबाची गोळी त्या दिवशी घ्यायची का हे आधी विचारून ठेवा, आणि इंजेक्शननंतर वडिलांना एकट्याने बाथरूमला जाऊ देऊ नका.

डोसचं मूत्रपिंडाशी घट्ट नातं आहे. नेहमीचा डोस किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम, क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) मिनिटाला ५० मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर ०.१६. औषध महाग आहे, म्हणून बरीच केंद्रं जी-सीएसएफच्या चौथ्या-पाचव्या दिवशी रक्तातला सीडी३४ काउंट, म्हणजे स्टेम सेलची संख्या, बघतात. तो मायक्रोलिटरला १० च्या खाली असेल तर प्लेरिक्साफॉर देतात, २० च्या वर असेल तर बहुधा लागत नाही. तुमच्या केंद्रात असं करतात का, विचारा. पण एक खेप वाया गेलेली असताना आधीच ठरवून देणंही योग्यच आहे.

मग स्टेंटच्या गोळ्या. दीड वर्षानंतर बहुतेकांची एकच गोळी उरलेली असते, बहुधा ॲस्पिरिन. लेनालिडोमाइडने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, त्यामुळे तिचा दुहेरी उपयोग आहे. ट्रान्सप्लांटनंतर प्लेटलेट काही दिवस तळाला जातात, तेव्हा ती थांबवावी लागते. साधारण रिवाज असा की प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्या तर ॲस्पिरिन नको आणि ३०,००० च्या खाली क्लोपिडोग्रेल नको. पण कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी आधी एकत्र बसून कागदावर लिहून द्यावं. पुन्हा सुरू करायची राहून जाणं हा खरा धोका आहे.

मेल्फालननंतरच्या दोन-तीन आठवड्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित होणं) होऊ शकतं, हृदयरोग्यात जास्तच. गोठवलेल्या स्टेम सेल परत देताना त्यातल्या रसायनाने नाडी मंदावू शकते, म्हणून मॉनिटर लावूनच देतात. इकोमध्ये हृदयाची ताकद कमी असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर मेल्फालन शरीराच्या दर चौरस मीटरमागे २०० ऐवजी १४० मिलिग्रॅमच्या डोसने देण्याचा पर्याय आहे, त्याबद्दल मोकळेपणाने विचारा. पुढे कधी कार्फिल्झोमिब या मायलोमाच्या औषधाचं नाव निघालं तर स्टेंटची आठवण तुम्ही स्वतः करून द्या. त्या औषधाचा हृदयावरचा ताण प्लेरिक्साफॉरच्या कितीतरी पट आहे.

शेवटची सूचना घरच्यांसाठी. जी-सीएसएफ आणि प्लेरिक्साफॉरच्या दिवसांत प्लीहा मोठी होऊ शकते आणि क्वचित फुटू शकते. तेव्हा डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात दुखतं. स्टेंट असलेल्या माणसाचा डावा खांदा दुखला की सगळ्यांच्या मनात हृदयच येतं आणि ईसीजी काढून, नॉर्मल आला म्हणून घरी पाठवलं जातं. त्या आठवड्यात असं दुखलं तर ईसीजी आणि ट्रोपोनिनबरोबर (हृदयाला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी) पोटाची सोनोग्राफीही त्याच वेळी करून घ्या, आणि इमर्जन्सीच्या डॉक्टरांना ही इंजेक्शनं चालू असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.